मोठी स्पर्धा, लहान गोल्फर

मार्च उजाडला की ज्युनिअर गोल्फ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पर्धांच्या जाहिराती येऊन आदळू लागतात. सुटीतल्या तारखा, प्रवेश शुल्क, हॉटेलचा सवलतीचा दर आणि नावात ‘वर्ल्ड’, ‘इंटरनॅशनल’, नाहीतर ‘मास्टर्स’. पुण्यातले किंवा नवी मुंबईतले आईबाबा यातून निवड करतात ती बहुधा नावावरून, ठिकाणावरून आणि ग्रुपमधल्या इतर मुलांनी कुठे नाव नोंदवलंय त्यावरून. मुलाला आत्ता काय शिकायचं राहिलंय, हा प्रश्न शेवटी येतो. कधी येतच नाही.

नाव मोठं म्हणजे स्पर्धा मोठी, हा पहिला गैरसमज. जगभरातली मुलं खरोखर जिथे जमतात अशा स्पर्धा आहेत. सॅन डिएगोची ज्युनिअर वर्ल्ड १९६८पासून चालू आहे. यूएस किड्स गोल्फची जागतिक स्पर्धा पाइनहर्स्टच्या परिसरात भरते आणि तिथे हजाराहून अधिक मुलं खेळतात. पण नावात ‘वर्ल्ड’ घालणं सोपं असतं. काही स्पर्धांना पात्रतेवर प्रवेश मिळतो, काहींना शुल्क भरलं की झालं. फरक ओळखायचा तर गेल्या वर्षीचा निकाल काढून बघावा, आणि पहिल्या नंबराच्या मुलाकडे न बघता यादीच्या मधोमध असलेल्या मुलाचा स्कोअर बघावा. विजेता एखादा अफलातून निघू शकतो. स्पर्धेची खरी पातळी मधला मुलगा सांगतो. आपल्या मुलाचा नेहमीचा स्कोअर त्याच्या आसपास असेल तर स्पर्धा त्याच्या मापाची आहे. एका गटात चारच मुलं असतील, तर तिसऱ्या क्रमांकाच्या ट्रॉफीचा अर्थ काय, हे घरी आणल्यावर तरी मोजावं. हौशी खेळाडूंची जागतिक क्रमवारी २००७पासून निघते. तिथेही गुण देताना मैदानात कोण कोण होतं याला वजन असतं.

दुसरा समज जास्त पक्का आणि जास्त खर्चिक आहे: ‘वरच्या पातळीवर टाकल्याशिवाय पोरगं तयार होत नाही.’ याला दाखला म्हणून हटकून टायगर वूड्सचं नाव घेतलं जातं. त्याचा प्रवास नीट पाहिला तर मात्र उलटंच दिसतं. आठव्या वर्षी त्याने ज्युनिअर वर्ल्डमध्ये ९-१० वर्षांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि पुढे तीच स्पर्धा वेगवेगळ्या गटांत एकूण सहा वेळा जिंकली. १९९१, ९२ आणि ९३ अशी सलग तीन वर्षं तो यूएस ज्युनिअर अ‍ॅमॅच्युअर जिंकला. मधल्या काळात, १९९२मध्ये, सोळाव्या वर्षी लॉस एंजेलिस ओपनमध्ये तो मोठ्यांबरोबर खेळून आला. तिथे त्याला कट गाठता आला नाही, आणि तो परत ज्युनिअरमध्ये येऊन जिंकत राहिला. त्यानंतर १९९४ ते ९६ सलग तीन यूएस अ‍ॅमॅच्युअर, आणि मगच व्यावसायिक गोल्फ. प्रत्येक पायरीवर तो जिंकायची सवय होईपर्यंत थांबला.

आपल्याकडचं उदाहरण बंगळुरूच्या अदिती अशोकचं. २०११मध्ये, तेराव्या वर्षी, हौशी खेळाडू असतानाच तिने भारतीय महिलांच्या व्यावसायिक टूरवरची स्पर्धा जिंकली. एखाद्या हौशी पालकाने तिथेच ज्युनिअर गोल्फला रामराम ठोकला असता. ती मात्र २०१२, १३ आणि १४मध्ये राष्ट्रीय ज्युनिअर विजेती झाली, २०१५मध्ये ब्रिटनमधली महिलांची हौशी स्ट्रोक प्ले स्पर्धा जिंकली आणि २०१६मध्ये व्यावसायिक झाली. त्याच वर्षी ती रिओ ऑलिम्पिकही खेळली, आणि टोकियोत तर पदकाच्या एक पायरी अलीकडे, चौथी आली.

प्रशिक्षकांमध्ये याबाबत एक ठोकताळा वापरला जातो. वर्षातल्या स्पर्धांचे तीन भाग करायचे. एका भागात मूल जिंकू शकेल अशा, दुसऱ्यात पहिल्या काही जणांत येण्यासाठी झगडावं लागेल अशा, आणि तिसऱ्यात जिथे नुसतं टिकून राहणं हीच परीक्षा अशा. आघाडीवर असताना शेवटचे तीन होल कसे खेळायचे हे शिकायचं तर आधी आघाडीवर असावं लागतं. सतत चाळिसाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला तो धडा येतच नाही. अगदी नवख्यांसाठी तर स्कोअरच्या स्पर्धेची घाईही नको. अमेरिकेतल्या पीजीए ज्युनिअर लीगमध्ये मुलं जोडीने स्क्रॅम्बल खेळतात: दोघंही फटका मारतात आणि चांगला पडलेला चेंडू निवडून तिथून पुढे जातात. एकाचा चेंडू पाण्यात गेला तरी रडारड होत नाही.

आता हँडिकॅपकडे वळू, कारण स्पर्धेनंतर पार्किंगमध्ये होणारी अर्धी भांडणं याच आकड्यावरून होतात. मुलीचा हँडिकॅप १०. स्पर्धा पार ७२च्या कोर्सवर. बाबांनी मनातल्या मनात ८२ लिहून टाकलेले असतात. मुलगी ८८ करून येते आणि गाडीत सुरू होतं, “घरच्या कोर्सवर तर मारतेस की!” इथे चूक मुलीची नसून गणिताची आहे. २०२०पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हँडिकॅप म्हणजे सगळ्या फेऱ्यांची सरासरी नव्हे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ तेवढ्या घेऊन तो काढतात, वाईट बारा बाजूला पडतात. म्हणजे हा आकडा मूल नेहमी किती खेळतं ते सांगत नाही, चांगल्या दिवशी किती खेळू शकतं ते सांगतो. त्या आकड्याइतकं खेळणं साधारण चार-पाच फेऱ्यांत एकदा जमतं. त्यात अनोळखी कोर्स, अवघड जागी लावलेले झेंडे, आणि सरावात मित्राने ‘दिला रे’ म्हणून सोडलेला दोन फुटांचा पट इथे टाकावाच लागतो. तेव्हा ८८ हा त्या मुलीचा वाईट दिवस नव्हता, साधा दिवस होता.

याच हिशेबाचा उपयोग स्पर्धा निवडताना होतो. निकालाच्या यादीशी ताडून पाहायचा असेल तो हँडिकॅप नव्हे, गेल्या चार-पाच स्पर्धांतला प्रत्यक्ष स्कोअर.

‘लांब कोर्सवर खेळला की फटका आपोआप लांबतो’, हेही बरेच जण मानतात. समजा, ११ वर्षांचा मुलगा ड्रायव्हरने १४० यार्ड मारतो आणि पुढचा फटका १२० यार्ड. समोर ३८० यार्डांचा पार ४. दोन्ही फटके मनासारखे बसले तरी तो २६० यार्डांवर, आणि ग्रीन अजून १२० यार्ड लांब. हाताशी असलेला प्रत्येक क्लब जिवाच्या आकांताने फिरवणं एवढंच तो अशा कोर्सवर शिकतो. मग तोल जाऊन स्विंग बिघडतो. उंच चेंडू ग्रीनवर थांबवणं, बर्डीचा पट समोर असताना हात न थरथरणं, या गोष्टींची वेळच येत नाही. खेळाडूने आपल्या पल्ल्याप्रमाणे पुढच्या टीवरून खेळावं, यासाठी अमेरिकेत २०११मध्ये मोहीम निघाली ती मोठ्या माणसांसाठी. मुलांना हे आणखी लागू आहे. म्हणून माहितीपत्रकात कोर्सच्या नावाच्या आधी त्या वयोगटाचे यार्ड शोधावेत. ते दिलेच नसतील तर आयोजकांना फोन करावा, आणि त्यांनाही सांगता आलं नाही तर स्पर्धा सोडून द्यावी.

पालकांची सोबत हा नाजूक विषय. सहा-सात वर्षांच्या मुलाची बॅग बाबांनी ओढली, पट वाचायला मदत केली तर बिघडत नाही. लहान वयोगटांत अनेक स्पर्धा पालकांना कॅडी होऊ देतात. पुढेही ही सोय चालावी असं मात्र अनेकांना वाटतं. १९७८मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन ज्युनिअर गोल्फ असोसिएशनच्या स्पर्धांत कॅडी नसतो आणि पालकांना अंतर राखून चालावं लागतं. त्यामागे कारण आहे. शेवटच्या होलनंतरचं दृश्य पाहिलं की ते कळतं. टेबलाभोवती तीन मुलं, घामाने ओले हात, चुरगळलेली स्कोअरकार्डं. मार्कर झालेल्या मुलाने सातव्या होलला ६ लिहिलेत. मुलीला आठवतंय की झुडपातून काढताना एक फटका वाया गेला होता, म्हणजे ७. कमी आकड्याच्या कार्डावर सही करून ते दिलं तर नियम सांगतो, स्पर्धेतून बाद. जास्त आकडा लिहून दिला तर तोच कायम. हे कार्ड तपासायची जबाबदारी तिची एकटीची असते. बाबा दोरीपलीकडे असतात, आणि ते तिथे असणंच बरं. ज्या स्पर्धेत हे सगळं नीट चालतं, जिथे रेफ्री बारा वर्षांच्या मुलालाही ड्रॉप कुठे घ्यायचा ते शांतपणे समजावतो, ती जवळची आणि बिननावाची असली तरी निवडावी. गंमत अशी की अदितीच्या बॅगेला रिओत वडील होते आणि टोकियोत आई. म्हणजे पालक कॅडी असणं वाईट नाही. त्याआधी एकटीने खेळता यायला हवं.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत, आणि आता इथेही, आणखी एक हिशेब ऐकू येतो: नवव्या वर्षापासून ट्रॉफ्या जमवल्या की अमेरिकेतल्या कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती. अमेरिकन विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीतले प्रशिक्षक खेळाडूशी प्रवेशाविषयी बोलू शकतात ते त्याच्या दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून. त्यांना हवे असतात त्या सुमाराचे, पुरेशा लांब कोर्सवरचे, शक्यतो तीन फेऱ्यांच्या स्पर्धांतले स्कोअर. नवव्या वर्षीचा कप त्यात मोजला जात नाही. आणि पूर्ण शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर अनेक वर्षं पुरुषांच्या संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या साऱ्या संघात तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. २०२५मध्ये ही पद्धत बदलली. नव्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांत आता मर्यादा आहे ती संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर.

कॉलेज हाच एक रस्ता, असंही नाही. भारतीय वंशाच्या दोन अमेरिकन खेळाडूंनी वेगळ्या वाटा धरल्या. अक्षय भाटियाने २०१७ आणि २०१८मध्ये लागोपाठ ज्युनिअर पीजीए जिंकली आणि १७व्या वर्षी कॉलेज टाळून तो व्यावसायिक झाला. सुरुवातीला कट हुकत राहिले. पहिलं पीजीए टूर विजेतेपद आलं २०२३मध्ये. साहित थिगला पेपरडाइन विद्यापीठात खेळला, २०२०मध्ये कॉलेज गोल्फचे तिन्ही मोठे पुरस्कार घेऊन व्यावसायिक झाला आणि त्याचंही पहिलं विजेतेपद २०२३चंच.

राहता राहिला बारा महिने गोल्फचा अट्टहास. जॉर्डन स्पीथने यूएस ज्युनिअर अ‍ॅमॅच्युअर दोनदा जिंकली, पण लहानपणी तो बेसबॉलमध्ये चेंडूही टाकायचा. दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने गोल्फ सुरू केलं १९व्या वर्षी, आणि २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये त्याने टायगरला मागे टाकलं. यांगसारखे अपवादच, हे खरं. पण सातव्या वर्षी सुरुवात झाली नाही म्हणून गाडी सुटली, असंही नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६चा सल्ला असा की एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस सुटी द्यावी आणि वर्षात एकेक महिना करून एकूण तीन महिने मुख्य खेळापासून दूर राहू द्यावं. कंबर आणि मनगट वाढीच्या वयात एकाच बाजूला हजारो वेळा पिळली जातात, हे लक्षात घेतलं तर सल्ला जास्तीचा वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या पालकांना यासाठी वेगळं नियोजनही करावं लागत नाही. जुलैत फेअरवेवर पाणी साचतं आणि चेंडू चिखलात रुतून बसतो. त्या दिवसांत दूर कोरड्या गावच्या स्पर्धेचं विमान तिकीट काढण्याआधी पोराला विचारून बघावं, फुटबॉल खेळायचाय का ते.