तळ बघा, मग भाव करा!

आठवडाभर दापोडेच्या गोडाऊनमध्ये खोकी मोजायची आणि रविवारी थेट चोरबाजार गाठायचा, हा माझा वीकेंड फंडा! मटन स्ट्रीटवर प्रत्येक फुलदाणी ‘असली जर्मन’ असते. पगार उडवायचा नसेल, तर आधी ती उलटी करा. ‘वेस्ट जर्मनी’ असं लेबल असेल, तर माल १९४९ ते १९९० मधला. माझी फेव्हरेट मात्र ‘इकोरा’. डब्ल्यूएमएफ कंपनीची, १९२०च्या दशकात सुरू झालेली. जाड काच, रंग नि बुडबुडे थरांच्या आत. हिच्यावर बहुधा सही नसतेच. कागदी लेबल होतं, तेही कधीच गळालेलं. म्हणून बोट फिरवा. रंग हाताला लागला, तर तो वरून दिलेला. तळाचे ओरखडेही आडवेतिडवे हवेत. सगळे एकाच दिशेचे असतील, तर मुद्दाम घासलेत समजा आणि सरळ पुढचं दुकान गाठा!