पैसे एकाकडे, सामान दुसऱ्याकडे
परदेशातून घरसामान आणताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतला मुक्काम आवरून कायमचे पुण्या-मुंबईला परतायचे ठरले की घरातल्या सामानाचा प्रश्न उभा राहतो. काही विकले जाते, काही मित्रमंडळींत वाटले जाते. उरलेली पुस्तके, भांडी, मुलांच्या सायकली आणि हौसेने घेतलेले डायनिंग टेबल समुद्रमार्गे पाठवायचे ठरते. फोनवर भाव मिळतो, ट्रक येतो, पैसे दिले जातात. दोन-तीन महिन्यांनी न्हावा शेवाहून कुणा अनोळखी एजंटाचा फोन येतो : सामान आले आहे, पण अमुक इतके डॉलर बाकी आहेत, भरेपर्यंत सुटणार नाही आणि भाडे रोज चढते आहे.

असे प्रकार तुरळक नाहीत. अमेरिकेत समुद्री मालवाहतुकीवर देखरेख ठेवणारे फेडरल मॅरिटाइम कमिशन, म्हणजेच एफएमसी, यांच्याकडे 2005 ते 2009 या काळात घरसामानाच्या वाहतुकीबद्दल अडीच हजारांहून जास्त तक्रारी आल्या. अखेर 2010 मध्ये आयोगाने या धंद्याची वेगळी चौकशी लावली.

या व्यवहारात बरेच हात असतात. भाव सांगणारा एक, पॅकिंग करणारा दुसरा, गोदाम तिसऱ्याचे. कंटेनरमधली जागा घेऊन ती किरकोळीने विकणारा एनव्हीओसीसी, म्हणजे स्वतःचे जहाज नसलेला वाहतूकदार, चौथा. मग जहाज कंपनी, आणि शेवटी भारतातला डिलिव्हरी एजंट व सीएचए, म्हणजे कस्टम्सचे काम करून देणारा ब्रोकर. तुमचा करार यांपैकी एकाशीच असतो आणि सामान मात्र सगळ्यांच्या हातून जाते. लबाडीला वाव मिळतो तो इथे. पुढचे बहुतेक गैरसमज या साखळीकडे न पाहिल्यामुळेच होतात.

गैरसमज : वेबसाइट चांगली, रिव्ह्यू चांगले, म्हणजे कंपनी खात्रीची.

वस्तुस्थिती : वेबसाइटवर दिसणाऱ्या 'कंपनी'कडे कधी कधी ट्रक नसतो, गोदाम नसते आणि माणसेही नसतात. ती गिऱ्हाईक मिळवते आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात घालते. दलाली करणे हा गुन्हा नाही. पण सामानाची जबाबदारी कुणाची हे लपवून दलाली करणे यात गडबड आहे. तक्रारी वाढल्या की नाव बदलून तीच मंडळी पुन्हा उभी राहतात, त्यामुळे रिव्ह्यूंची पाटी कोरी करणे त्यांना सोपे जाते.

अमेरिकेतून समुद्रमार्गे दुसऱ्याचा माल पाठवण्याचा धंदा करणाऱ्या मध्यस्थाला एफएमसीचा परवाना लागतो. त्याला हमी म्हणून बाँडही ठेवावा लागतो : फ्रेट फॉरवर्डरसाठी 50 हजार डॉलर, एनव्हीओसीसीसाठी 75 हजार डॉलर. परवानाधारकांची यादी एफएमसीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. कंपनीने दिलेला क्रमांक तिथे टाका आणि नाव, पत्ता अक्षरशः जुळतो का ते पाहा. ज्या नावाने कोटेशन आले, ज्या खात्यात पैसे मागितले आणि ज्या नावाचा परवाना आहे, ती तिन्ही नावे एकच असायला हवीत. एकही वेगळे निघाले तर आधी खुलासा मागा, पैसे नंतर.

ब्रिटनमध्ये मूव्हर्ससाठी असा वेगळा सरकारी परवाना नाही. तिथे ब्रिटिश असोसिएशन ऑफ रिमूव्हर्ससारख्या संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक असते. भारतातून परदेशी सामान पाठवताना मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटरची नोंदणी पाहावी. 1993 च्या कायद्यानुसार ती नौवहन महासंचालनालयाकडे होते. फिदी किंवा इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मूव्हर्स या जागतिक संघटनांचे लोगो वेबसाइटवर चिकटवायला पैसे पडत नाहीत. म्हणून सदस्यत्व संघटनेच्याच यादीत तपासायचे.

गैरसमज : फोनवर सांगितलेला भाव म्हणजे ठरलेला भाव.

वस्तुस्थिती : समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचा भाव बहुधा आकारमानावर असतो आणि सर्वात जास्त हातचलाखी आकारमानातच होते. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि 1,728 ने भागायचे, की घनफूट मिळतात. 18 बाय 18 बाय 16 इंचांचे मध्यम खोके म्हणजे 5,184 भागिले 1,728, बरोबर 3 घनफूट. पुस्तकांचे छोटे खोके साधारण दीड घनफुटांचे. समजा तुमची 30 मध्यम आणि 20 छोटी खोकी झाली : 90 अधिक 30, एकूण 120 घनफूट. टेबल, सायकली, गाद्या धरून 200 घनफूट धरू. तेवढ्याचा भाव फोनवर मिळतो आणि तो इतर सगळ्यांपेक्षा कमी असतो. ट्रक निघून गेल्यावर निरोप येतो की गोदामात मोजले तेव्हा 310 भरले. सामान त्यांच्या गोदामात आणि तुमचे विमान चार दिवसांवर. अडला हरी अशी अवस्था झाली, की माणूस निमूटपणे पैसे भरतो.

त्यावर उपाय सोपा आहे. घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली पाहून सर्व्हे केल्याशिवाय दिलेला भाव धरायचाच नाही. सर्व्हेनंतर वस्तूंची यादी आणि एकूण आकारमान लेखी घ्यायचे. पॅकिंगच्या दिवशी प्रत्येक खोक्यावर क्रमांक, त्या क्रमांकांची यादी आणि तिच्यावर कंपनीच्या माणसाची सही, हे ट्रकचे दार लागण्याआधी व्हायला हवे. कोरी किंवा अर्धवट भरलेली यादी सहीसाठी पुढे आली तर सही करू नका. घनफूट आणि घनमीटर यांची सरमिसळही तपासा. एक घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट, 200 घनफूट म्हणजे पावणेसहा घनमीटरांच्या आत.

गैरसमज : अमेरिकेत अंदाजापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागताच येत नाही.

वस्तुस्थिती : तो नियम एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवण्यासाठी आहे आणि तो परिवहन खात्याच्या अखत्यारीतला आहे. बंधनकारक नसलेला अंदाज दिला असेल तर डिलिव्हरीच्या वेळी त्याच्या 110 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, असे तो सांगतो. न्यू जर्सीहून टेक्सासला जाताना तो उपयोगी पडतो. न्यू जर्सीहून पुण्याला येताना त्याच्या भरवशावर राहू नका.

गैरसमज : 'डोअर टु डोअर' म्हटले की सगळे आले.

वस्तुस्थिती : कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत 'समाविष्ट नाही' अशी एक यादी असते. खरा भाव तिथे कळतो. बंदरावरचा टर्मिनल हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे, सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनचे शुल्क, कस्टम्स तपासणीसाठी खोकी उघडण्या-बांधण्याची मजुरी, लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिने चढवण्याचे पैसे, हे सारे त्यात निघू शकते. बिनभाड्याचे दिवस संपले की डिमरेज, म्हणजे माल जास्त दिवस थांबल्याचा आकार, आणि गोदामभाडे सुरू होते. कस्टम्स ड्यूटी तर कुणीच धरत नाही आणि धरूही शकत नाही, कारण ती तुमच्या सामानावर आणि तुमच्या पात्रतेवर ठरते. सामान इकडच्या बंदरात आल्यावर कोणकोणते पैसे, कुणाला आणि अंदाजे किती द्यावे लागतील, एवढाच प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सचोटीची कंपनी आकडे देते. 'नॉमिनल असतात, काळजी करू नका' असे उत्तर आले तर काळजी करा.

गैरसमज : मी पूर्ण पैसे भरले, आता सामान अडवता येणार नाही.

वस्तुस्थिती : अडवता येते, आणि अडवणारा दर वेळी चोर असतोच असे नाही. तुम्ही ज्याला पैसे दिले त्याने ते पुढे एनव्हीओसीसीला दिले नाहीत, तर भाडे मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क त्या वाहतूकदाराला बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती आणि वाहतुकीचा करार असलेल्या कागदाच्या, अटींनी मिळतो. तुमची पावती खरी असते, त्याची थकबाकीही खरी असते, आणि मधला माणूस हात वर करून मोकळा होतो. मग गिऱ्हाईक एकाच वाहतुकीचे पैसे दोनदा भरते.

म्हणून या सगळ्या व्यवहारात एक कागद नीट वाचायलाच हवा : बिल ऑफ लेडिंग. एकाच सामानासाठी ती सहसा दोन असतात. जहाज कंपनी एनव्हीओसीसीला देते ते मास्टर बिल आणि एनव्हीओसीसी गिऱ्हाइकाला देतो ते हाउस बिल. तुमच्या हातात हाउस बिल यायला हवे. त्यात शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून तुमचे नाव आहे का? कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून पासपोर्टवर आहे तसेच नाव आहे का? की दोन्हीकडे मूव्हर कंपनीच बसली आहे? खोक्यांची संख्या यादीशी जुळते का? आणि भाड्याच्या रकान्यात 'फ्रेट प्रीपेड' आहे की 'फ्रेट कलेक्ट'? प्रीपेड म्हणजे भाडे तिकडे चुकते; कलेक्ट म्हणजे ते इकडे वसूल होणार. भाडे भरूनही 'कलेक्ट' दिसत असेल तर जहाज पोचायची वाट न पाहता त्याच दिवशी लेखी विचारणा करा. बिल देणाऱ्या एनव्हीओसीसीलाही थेट ईमेल करा की माझ्या सामानाचे भाडे तुमच्यापर्यंत पोचले का. या एका ईमेलने पुढची मोठी डोकेदुखी वाचू शकते.

पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत : थोडे बुकिंगला, मोठा हिस्सा पॅकिंग होऊन यादीवर सही झाल्यावर, आणि शक्य असेल तर काही हाउस बिल मिळाल्यावर. आगाऊ शंभर टक्के, तेही रोख किंवा खासगी खात्यावर मागितले तर तिथेच थांबा.

गैरसमज : उशीर झाला म्हणजे फसवले.

वस्तुस्थिती : दर वेळी तसे नसते. पूर्ण कंटेनर न घेता त्यातली थोडी जागा घेतली असेल, तर बाकीच्यांचा माल येऊन कंटेनर भरेपर्यंत तुमची खोकी गोदामात थांबतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, त्यातही दिवस वाढले. खरा उशीर आणि थाप यांतला फरक कळतो तो कंटेनर क्रमांकाने. चार अक्षरे आणि सात अंक असा हा क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कंटेनर कुठे आहे ते दिसते. 'जहाज निघाले' असे सांगणारी कंपनी हा क्रमांक आणि जहाजाचे नाव द्यायला टाळाटाळ करत असेल, तर सामान बहुधा अजून गोदामातच आहे.

गैरसमज : कायमचे परतणाऱ्याला कस्टम्स पूर्ण माफ; नाही तर एजंट 'मॅनेज' करतो.

वस्तुस्थिती : ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत आहे, पण ती अटींची आहे. परदेशात किती काळ राहिलात आणि ही सवलत आधी कधी घेतली होती का, यावर ती ठरते. सवलतीला रकमेची मर्यादा आहे, काही वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत. सामान तुमच्या येण्याच्या किती आधी किंवा नंतर यावे यालाही मुदत आहे. रकमा आणि याद्या सरकार बदलते, म्हणून निघण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचावेत. मोटारगाडी मात्र बॅगेजमध्ये बसतच नाही. सीमाशुल्क कायद्याच्या व्याख्येतूनच ती बाहेर आहे.

या विषयातल्या अज्ञानावर पोट भरणारे लोक आहेत. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून ठोक रक्कम मागितली जाते आणि पावती मिळत नाही. ड्यूटी सरकारी तिजोरीत भरायची असते आणि तिचा कागद तुमच्या नावाने निघतो. सीएचएची फी वेगळी, सीएफएसचे बिल वेगळे, ड्यूटी वेगळी. तिन्हींचे कागद स्वतंत्र मागा. कस्टम्स ब्रोकरला परवाना लागतो, तोही विचारा.

गैरसमज : काही फुटले-हरवले तर कंपनी भरून देईल.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या 1936 च्या समुद्री मालवाहतूक कायद्यानुसार, किंमत आधी जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी एका नगामागे 500 डॉलरपर्यंतच असते. म्हणून स्वतंत्र विमा हवा. पण त्याच्या अटी वाचून. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली मोडतोड बऱ्याच पॉलिसी धरत नाहीत. वाहतूकदाराचे दिवाळे निघाल्याने झालेले नुकसानही नेहमीच्या मालविम्याच्या कलमांतून वगळलेले असते. विमा कंपनीची पॉलिसी थेट तिच्याकडून पडताळून घ्या. मूव्हरने छापलेले 'प्रोटेक्शन प्लॅन'चे पत्रक म्हणजे विमा नव्हे.

गैरसमज : फसलो तर आता काहीच होऊ शकत नाही.

वस्तुस्थिती : एफएमसीमध्ये ग्राहकांसाठी तंटे सोडवणारा विभाग आहे. तो मध्यस्थी करतो आणि त्याचे पैसे घेत नाही. 50 हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी आयोगाकडे अनौपचारिक पद्धतही आहे. भारतातल्या एजंटाने लुबाडले असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. मोडतोड लगेच दिसली नसेल तरी अमेरिकी कायद्यानुसार डिलिव्हरीपासून तीन दिवसांत लेखी कळवावे, आणि दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. त्यामुळे खोकी महिनोन्महिने न उघडता माळ्यावर टाकू नयेत.

या सगळ्या दारांवर मागतात ते कागदच : कोटेशन, सही झालेली यादी, हाउस बिल, पैसे दिल्याचा पुरावा. सामान ट्रकमध्ये चढण्याआधी हे कागद मागताना भाव करण्याची ताकद तुमच्याकडे असते. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला की ती त्यांच्याकडे जाते. सर्वात स्वस्त कोटेशन निवडण्याआधी परवाना, आकारमान, वगळलेले खर्च आणि हाउस बिलावरचे नाव या चार गोष्टींची लेखी उत्तरे मागा. ज्या कंपनीकडून ती मिळतात, तिच्याशीच भावाची घासाघीस करा.