हप्ते म्हणावे की तुकडे?



सरकारी धोरणाला एक नाव सरकार देते, दुसरे लोक देतात. मोबाईलवर त्यातले कोणते जास्त फिरते, यावर गावाचे मत पुष्कळसे ठरून जाते. आपल्या ऊसदराचेच पाहू.

2009 पर्यंत केंद्र सरकार उसाचा जो दर ठरवी, त्याचे नाव ‘वैधानिक किमान किंमत’ असे होते. त्या वर्षी ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे आपली एफआरपी आली. हिशेबाची रीत बदललीच, शिवाय नावातला ‘किमान’ गेला. वास्तविक एफआरपी हाही किमानच दर. त्याखाली ऊस घेता येत नाही, वर देण्यास मनाई नाही. पण ‘रास्त’ म्हटलं की तेवढ्यावर भागलं असं वाटतं. ‘किमान’ म्हटले असते तर ‘वर किती देता?’ हा प्रश्न आपसूक आला असता.

दुसरा प्रसंग ताजा आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोनदा देण्याचा निर्णय काढला. पहिली रक्कम पुणे-नाशिक विभागांत 10 टक्के, मराठवाडा-विदर्भात 9.5 टक्के उतारा धरून. उरलेली हंगामाअखेर, खरा उतारा कळल्यावर. सरकारच्या लेखी हे ‘दोन हप्ते’. शेतकरी संघटनांनी त्याला ‘एफआरपीचे तुकडे’ म्हटले. मग काय, व्हॉट्सअॅपवर तेच चालले! हप्ता म्हटले की बाकी येणार असे वाटते. तुकडा म्हटले की आपले कुणीतरी तोडून नेले. निर्णयाचा कागद किती जणांनी वाचला असेल? उताऱ्याचा मुद्दा दोन शब्दांत मावत नाही.

तरी ‘तुकडे’ हे नाव खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. (‘हप्ते’ हा शब्द कारखान्यांना सोयीचा होता, हेही कबूल केलेले बरे.) सोसायटीचे व्याज हंगाम संपायची वाट पाहत नाही. पैसे 14 दिवसांत द्यावयाचे, हे बंधन त्या ओरडीमुळेच घरोघर माहीत झाले. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा तो निर्णय रद्द केला.

यापुढे दराचा मजकूर मोबाईलवर आला, तर उतारा कोणता धरलाय आणि तोडणी-वाहतूक वजा आहे की नाही, एवढे आधी पाहावे. 2025-26 हंगामासाठी ठरलेले क्विंटलला 355 रुपये हे 10.25 टक्के उताऱ्याचे आहेत, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते.