वरून परत पाठवलेली माणसं

१८७१ साली स्वित्झर्लंडच्या पहाडात आल्बर्ट हाइम नावाचा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ कड्यावरून कोसळला आणि वाचला. पडताना भीती नव्हती, वेदना नव्हती. काळ लांबत गेला आणि उभं आयुष्य डोळ्यांपुढून सरकलं. हे त्याला इतकं विलक्षण वाटलं की पुढची कितीतरी वर्षं तो असं पडून वाचलेल्या माणसांना गाठून त्यांना काय जाणवलं हे विचारत राहिला. ते सगळं त्याने १८९२ मध्ये प्रसिद्ध केलं.

मला हाइम आठवतो तो किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्यांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ-दहा हजार माणसं गेली. नंतर भूगर्भशास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ सहाशे मीटरहून खोल छिद्र घेऊन बेसाल्टखालचा खडक वर काढून तपासला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. हाइमचा प्रश्न या माणसांना आजही विचारता येईल. ढिगाऱ्यातून काढलेली तेव्हाची पोरं आता चाळिशीत आहेत.

आपल्याकडे मरणाच्या दारातून परतलेल्याबद्दल उत्तर आधीच तयार असतं. आयुष्याची दोरी बळकट होती, यमाच्या दारातून परत आला, चित्रगुप्ताच्या वहीत नावच नव्हतं. अजामिळाला न्यायला आलेले यमदूत रिकाम्या हाताने परतले, हे कीर्तनात लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठातले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या मृत्यूसमीप अनुभवांच्या १६ प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हीच वही निघाली. दूत येतात, धरून नेतात, वही उघडली जाते, चुकीचा माणूस आणल्याचं लक्षात येतं आणि त्याला परत धाडलं जातं. कधी त्याच नावाचा दुसराच माणूस न्यायचा असतो. अमेरिकेत रेमंड मूडी यांनी १९७५ च्या पुस्तकात सांगितलेला बोगदा आणि वरून दिसणारा आपलाच देह या अहवालात जवळजवळ नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांनी टाइम्स ऑफ इंडियात जाहिरात देऊन अनुभव मागवले, तेव्हा मात्र काहींनी बोगदा किंवा अंधारी जागा सांगितली. इंग्रजी पेपर वाचणारा शहरी माणूस आणि खेड्यातला शेतकरी यांची चित्रं वेगळी असणारच. एवढ्या थोड्या माणसांवरून भारतीयांना काय दिसतं हे ठरवणं मला पटत नाही.

आणि बहुतेकांना काहीच दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात मृत घोषित झालेल्या एका गृहस्थांना घरी आणताना रुग्णवाहिका स्पीड ब्रेकरवरून गेली आणि बोटं हलल्याचं घरच्यांना दिसलं. ते बरे होऊन चालत घरी आले. चक्कर आली, उलटी झाली, पुढचं काही आठवत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. हॉलंडमध्ये हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं. अनुभव सांगणारे ६२ निघाले, म्हणजे १८ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये २००१ साली आलेल्या या अभ्यासात हृदय किती वेळ बंद होतं किंवा रुग्ण धार्मिक होता का, यावर अनुभव अवलंबून नव्हता.

तरी परलोक सिद्ध होतो का? सगळं एका गोष्टीवर येऊन अडतं: अनुभव नेमका कधी घडला? हृदय थांबण्याआधी, थांबलेलं असताना, की शुद्धीवर येताना? डॉक्टर सॅम पार्निया यांनी हे पकडायचा प्रयत्न केला. इस्पितळांत उंचावर फळ्या बसवल्या आणि फक्त छताकडून दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. २०१४ च्या अहवालात हृदय बंद पडल्याच्या २०६० घटनांची नोंद आहे; वाचले ३३०, पूर्ण मुलाखती झाल्या १०१ जणांच्या. एका रुग्णाने यंत्राचा ‘शॉक द्या’ हा आवाज आणि खोलीतली हालचाल बरोबर सांगितली, पण त्या खोलीत फळीच नव्हती. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात ५६७ रुग्णांपैकी २८ जणांशी बोलता आलं; चित्र कुणीही ओळखलं नाही. मात्र छाती दाबणं चालू असताना काहींच्या ईईजीत जागेपणासारख्या लहरी तासाभरापर्यंत उमटत होत्या. मेंदूशास्त्रज्ञ जिमो बोर्जिगिन यांना त्याच वर्षी चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत गॅमा लहरींची उसळी दिसली. ते दोघे वाचले नाहीत, त्यामुळे त्यांना काय जाणवलं हे सांगायला कुणी नाही.

मेंदू आपण समजत होतो तितक्या लवकर विझत नाही, इथपर्यंत पुरावा येतो. परलोकापर्यंत तो येत नाही. ‘मरून परत आला’ असं आपण म्हणतो तेव्हा फार तर हृदय थांबलेलं असतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या करून ठरवलेला मेंदूमृत्यू नव्हे. पण म्हणून सांगणाऱ्याला भ्रमिष्ट ठरवण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. त्याने सांगितलेलं त्याच्यापुरतं खरं असतं, आणि अशा माणसाचं मरणाचं भय पुष्कळदा कमी झालेलं असतं. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ते निवांत ऐकून घ्यावं.

हे ऐकायला नांदेड-लातूरइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या एकाच अतिदक्षता विभागात वारकरी असतो, मृताला बसवून पुरणारा लिंगायत असतो, हुजूर साहिबचा शीख असतो, मलकुल मौत या मृत्यूच्या फरिश्त्याचं नाव घेणारा मुसलमान असतो आणि आत्माच न मानणारा बौद्धही असतो. बिलोली-देगलूरकडचा रुग्ण तेलुगूतून बोलेल, उदगीरचा कदाचित कन्नडमधून. चित्रगुप्ताची वही बौद्ध रुग्णालाही दिसते का? हलकेपणा, शांतता, काळाचं लांबणं हे सगळ्यांत सारखं निघतं का? असे अनुभव मोजणारी, मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांची सोळा प्रश्नांची मोजपट्टी १९८३ पासून उपलब्ध आहे. ती नांदेड-लातूरच्या बोलीत उतरवून, रुग्ण शुद्धीवर आल्यावर पहिल्या आठवड्यातच, गावकऱ्यांनी अर्थ लावून देण्याआधी विचारली पाहिजे. काहीच आठवत नाही असं म्हणणाऱ्याची नोंदही त्याच कागदावर झाली पाहिजे.