सुताच्या नंबराची तारीख होते तेव्हा

पॉलिएस्टर सुताच्या खोक्यावर ३०/१२ असं छापलेलं असतं. पहिला आकडा डेनियरचा, म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. दुसरा आकडा त्या एका धाग्यात किती तंतू आहेत ते सांगतो. सिल्वासाच्या पिपरिया, आमली, मसाट, राखोली या औद्योगिक पट्ट्यात हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. खोकी उचलणारा पोरगाही नंबर वाचून सूत ओळखतो. एक्सेलला मात्र ही ३० डिसेंबर वाटते.

संपादकांनी मला सिल्वासाला धाडलं होतं ते सुतासाठी. वापीला उतरून दादरामार्गे सिल्वासात शिरलं की करसवलतींच्या काळात उभे राहिलेले कारखाने दिसू लागतात. टेक्स्चरायझिंग यंत्रं, गुळगुळीत धाग्याला पीळ आणि फुगीरपणा देणारं ते तंत्र, त्यावर राबणारी परप्रांतातली आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं, असा लेख ठरला होता. यंत्रं मी पाहिली आणि ती भव्य आहेत. पण माझं मन अडकलं ते कारखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत. जुनी माणसं तिला अजून ‘ईडीपी’च (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणतात. कारखान्याचं आणि स्वतःचं नाव छापायचं नाही या अटीवर तिथल्या प्रमुखांनी मला बसू दिलं. गाव जव्हारकडचं, खोलीतली पोरं त्यांना दादा म्हणतात.

दादरा आणि नगर हवेलीचा इतिहास बहुतेकांना २ ऑगस्ट १९५४ पासून ठाऊक असतो: सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात सुधीर फडके होते, वगैरे. तो इथे पुन्हा सांगत नाही. त्याआधीची एक गोष्ट मात्र या लेखाशी जवळची आहे. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना मुलूख कबूल केला तो सीमा आखून नव्हे, वसुलाच्या आकड्यावर. वर्षाला १२,००० रुपये उत्पन्न देतील एवढी गावं द्यायची होती. म्हणजे कुणीतरी दफ्तरात बसून गावं आणि त्यांचा वसूल पाहिला असणार, अटीत बसणारी वेगळी काढली असणार आणि कागदावर उतरवली असणार. १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, १७८५ मध्ये दादरा. साठलेल्या नोंदींतून अटीप्रमाणे निवड करून ती यादी दुसऱ्याच्या हाती देणं, हे काम तेव्हा कारकून करत होता. या खोलीत ते एक स्क्रिप्ट करते.

सकाळी सहाला रात्रपाळी सुटते. त्यानंतर थोड्याच वेळात सर्व्हरवर ही स्क्रिप्ट आपोआप चालू होते. पायथनमध्ये लिहिलेली, छापली तर दोन-चार पानांत मावेल एवढी. ती डेटाबेसला जोडली जाते, तेही फक्त वाचण्याचा हक्क असलेल्या खात्यातून, म्हणजे तिच्या हातून एकही नोंद बदलू शकत नाही. मग ठरलेली क्वेरी पाठवते: काल सकाळी सहा ते आज सकाळी सहा, कोणत्या यंत्रावर, कोणत्या लॉटचं, किती किलो सूत उतरलं, त्यातलं पहिल्या प्रतीचं किती, वाया किती. उत्तर ओळीओळीने येतं. ते एक्सेलच्या फाइलीत उतरतं, मथळा ठळक होतो, पहिली ओळ गोठवली जाते आणि फाइल सामायिक फोल्डरात पडते. साडेआठला मॅनेजर येतात तेव्हा ती तयार असते.

‘पूर्वी हे कसं व्हायचं?’ मी विचारलं.

‘कॉपी-पेस्ट,’ दादा म्हणाले. ‘पडद्यावर क्वेरी मारायची, सगळं सिलेक्ट करायचं आणि एक्सेलमध्ये टाकायचं. घाई असली की खालच्या ओळी राहून जायच्या. ओळी कमी आल्यात हे फाइलीकडे बघून कळत नाही ना.’

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलं. डेटाबेस आणि स्प्रेडशीट दिसायला सारखी असतात, दोन्हींत रकाने आणि ओळी. पण त्यांचा स्वभाव वेगळा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरतो. लॉट नंबर हा मजकूर, वजन ही संख्या, पाळीची तारीख ही तारीख. चुकीचा प्रकार आत शिरत नाही. १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून चालत आलेली स्प्रेडशीट याच्या उलट: रकान्याला काही बंधन नाही, जी पेटी समोर येईल तिच्यात काहीही लिहा. हिशेब करणाऱ्या माणसाला हीच मोकळीक हवी असते आणि ती त्याला मिळायलाच हवी. अडचण दोघांच्या मधल्या वाटेवर होते.

सगळ्यात सोपी वाट सीएसव्हीची, म्हणजे मधे स्वल्पविराम घातलेला साधा मजकूर. तो कुठूनही निघतो आणि कुठेही उघडतो, पण रकान्याचे प्रकार त्यात उतरत नाहीत. ३०/१२ हा नुसता पाच अक्षरांचा मजकूर उरतो. फाइल उघडताना एक्सेल अंदाज बांधतं. भारतीय पद्धतीत आधी दिवस मग महिना, म्हणून ३० डिसेंबर. दोन पदरी चाळीस काउंटचं सूत २/४० असं लिहितात, त्याचा होतो फेब्रुवारी १९४०. ७५/३६ आणि १५०/४८ वाचतात, कारण तशी तारीखच नाही. त्यामुळे एकाच रकान्यात काही नंबर शाबूत, काही बदललेले, आणि वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

बदल नुसता दिसण्यापुरता असता तर निभावलं असतं. एक्सेलमध्ये तारीख हीच मुळात संख्या आहे, १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढे मोजलेली. ३० डिसेंबर २०२५ म्हणजे ४६०२१. पेटीचा प्रकार बदलून पुन्हा मजकूर केला तर ३०/१२ परत येत नाही, ४६०२१ येतो. गेलेलं गेलं. (या दिनगणनेत २९ फेब्रुवारी १९०० असा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ मध्ये तो होता आणि जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने तसाच ठेवला.) हा घोळ फक्त सुताच्या वाट्याला आलेला नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला २०२० मध्ये मार्च १ आणि सेप्ट १ यांसारखी नावं बदलावी लागली, कारण संशोधकांच्या फाइलींत त्यांच्या तारखा होत होत्या. आपल्याकडे सर्व्हे नंबर १२/३ लिहिणाऱ्या तलाठ्यालाही १२ मार्च भेटतो. सातबारा हा आकडाच ७ डिसेंबर होऊन बसतो.

म्हणून दादांची स्क्रिप्ट सीएसव्ही काढत नाही, थेट एक्सेलची फाइल बांधते आणि प्रत्येक मूल्याबरोबर त्याचा प्रकार लिहिते. तेवढ्यानेही भागत नाही, हे त्यांनी मला करून दाखवलं. मजकूर म्हणून नीट उतरलेल्या ३०/१२ वर त्यांनी डबल क्लिक केलं, काहीही न बदलता एंटर दाबलं आणि माझ्यासमोर ३० डिसेंबर उगवला. पेटीचं फॉरमॅट ‘जनरल’ असेल तर एक्सेल प्रत्येक एंटरला नव्याने अंदाज बांधतं. म्हणून मूल्य मजकूर आणि पेटीही ‘टेक्स्ट’, अशा दोन कड्या लागतात. ही दुसरी कडी घालणारी स्क्रिप्टमधली ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. त्या ओळीशेजारी टीप होती: काढू नये.

एवढ्याशा आकड्यासाठी एवढी काळजी का, हे खाली पॅकिंगमध्ये गेल्यावर कळतं. दोन लॉटचं सूत दिसायला एकसारखं असतं, पण रंग सारखा पीत नाही. एका लॉटचा कोन, म्हणजे सुताची गुंडाळी, दुसऱ्यात मिसळला आणि त्याचं कापड विणून रंगवलं की त्यावर पट्टे उमटतात. ते सुरत किंवा भिवंडीच्या गिऱ्हाइकाला दिसतात आणि अख्खा माल परत येतो. लॉट नंबर ००४२ असेल आणि पुढची शून्यं गळून ४२ उरला तर तो दुसराच लॉट ठरू शकतो.

त्या खोलीत मला सगळ्यात आवडली ती फाइलीची शेवटची पाटी. स्क्रिप्ट तिथे दोन गोष्टी लिहिते: डेटाबेसने मोजलेल्या ओळी आणि वजनाची बेरीज, आणि बांधून झालेली फाइल पुन्हा उघडून मोजलेल्या ओळी आणि बेरीज. दोन्ही जुळले नाहीत तर फाइलीला अंतिम नाव मिळतच नाही. ती तात्पुरत्या नावाने बाजूला पडते आणि दादांना मेल जाते. ही पाटी कुणी मागितली नव्हती. मॅनेजर ती उघडतही नसतील. तरी ती रोज लिहिली जाते. चांगल्या कारागिरीची ओळख मला तिथे पटली.

सगळंच असं आकड्यांत पकडता येत नाही. रात्रपाळी दहाला सुरू होऊन सहाला संपते. पहाटे तीनला उतरलेलं सूत कोणत्या तारखेचं? घड्याळ आजची तारीख सांगतं, कारखाना कालची मानतो. हा नियम क्वेरीत लिहिला नाही तर महिनाअखेरीला बेरीज चुकते. यंत्र बंद होतं म्हणून उत्पादन शून्य आणि नोंदच केली नाही म्हणून रकाना रिकामा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसला हा फरक कळतो. एक्सेलच्या सरासरीत शून्य धरलं जातं, रिकामी पेटी वगळली जाते. कुणी ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून रिकाम्या जागी शून्य भरलं की ऑपरेटरची सरासरी खाली येते आणि प्रोत्साहन भत्ता त्या सरासरीवर ठरत असेल तर तो बुडतो.

इथून पुढे माझी काळजी सुरू होते, कारण इथून पुढे माणसं येतात.

हीच पद्धत पगारालाही लागते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन हा सदस्य क्रमांक १२ अंकी आणि ‘जनरल’ पेटीत ११ अंकांपुढची संख्या घातांकात दिसते. तशीच ती सीएसव्ही म्हणून पुन्हा जतन केली तर मागचे अंक कायमचे जातात. सोळा अंकी बँक खातेक्रमांकाचं नुकसान आणखी गुपचूप होतं: एक्सेल पंधराच अंक धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं आणि खातं दुसऱ्याचं होतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची शून्यं आणि लांब अंक आपोआप न बदलण्याची सोय दिली, पण ती प्रत्येक संगणकावर जाऊन बदलायची आहे. ओडिशातून किंवा बिहारमधून आलेल्या कामगाराचे पैसे खात्यात पडले नाहीत तर तो क्वेरीला नव्हे, ठेकेदाराला विचारायला जातो.

हे मोठ्या प्रमाणावर बिघडलं तर काय होतं, ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिलं. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ही कर्जमाफी ३४,०२२ कोटींची होती. बँकांनी कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची आणि ती शेतकऱ्यांच्या ऑनलाइन अर्जांशी जुळवायची होती. आकडे जुळेनात, याद्या रखडल्या, दिवाळीत प्रमाणपत्रं हाती पडूनही अनेकांच्या खात्यात रक्कम आली नव्हती. प्रत्येक बँकेची व्यवस्था वेगळी, प्रत्येकीची निर्यात वेगळी. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ कोरोनाबाधित सरकारी आकड्यांतून निसटले. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही जुन्या एक्सेल साच्यात ओढल्या जात होत्या आणि त्या साच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. उरलेल्या ओळी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेवर कळवलंच गेलं नाही. तिथे ओळी मोजणारी शेवटची पाटी असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

नव्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात, सिल्वासातल्या या कारखान्याला त्या पुरून उरतील. इथला धोका निराळा आहे. फाइल एकदा बाहेर पडली की ती डेटाबेसची राहत नाही. कुणी तिच्यात एक आकडा ‘दुरुस्त’ करतो, ती व्हॉट्सअॅपवर पुढे जाते आणि संध्याकाळच्या बैठकीत तोच आकडा खरा मानला जातो. मूळ नोंद तशीच राहते. पगाराच्या फाइलीत तर नाव, आधार, खातं, सगळं एका ओळीत असतं. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण फॉरवर्डचं बटण दाबायला एक क्षण लागतो.

दादांनी व्यवस्थापनाकडे मागणी केली आहे की रोजचा उत्पादन अहवाल फाइलीऐवजी थेट पडद्यावर पाहावा, ज्याला उतरवून घ्यायचा त्याने वेळेच्या शिक्क्यासह घ्यावा. उत्पादनापुरतं ते मान्य झालं आहे. पगाराला नाही, कारण कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळांवर दर महिन्याला फाइलच चढवावी लागते आणि ती करणारा माणूस हिशेब विभागात एकटा आहे. त्याच्यासाठी दादांनी वेगळी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे: हिच्यात आधार रकानाच नसेल आणि प्रत्येक यूएएनचे अंक बारा आहेत की नाही, हे फाइल बांधण्याआधी मोजलं जाईल. डिप्लोमा करून आलेली खानवेलची एक मुलगी सध्या त्यांच्या शेजारी बसून ती लिहिते आहे. मी निघालो तेव्हा दोघांचा वाद चालू होता तो यावर, की अकरा अंकी नंबर सापडला तर तेवढी ओळ वगळावी की अख्खी फाइल थांबवावी. तिचं म्हणणं होतं, फाइल थांबवा. एकाची ओळ गाळली तर त्याचा पगार गेला हे कुणालाच कळणार नाही.