घरीं कोण राहणार ?

प्रवासाचा बेत ठरला म्हणजे घरांतील मुलें पेट्यांभोंवतीं नाचूं लागतात, बायका वाटेच्या फराळाचे डबे भरूं लागतात आणि पुरुषमंडळी कोणत्या रस्त्यानें जावें यावर वाद घालीत बसतात. या गडबडींत एका प्रश्नाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि जातें तेव्हां निघण्याची घटका भरत आलेली असते. घरीं कोण राहणार, हा तो प्रश्न होय. आमच्या घरीं तो एका भित्र्या मांजरीनें उभा केला. मांजरासारख्या क्षुद्र प्राण्यासाठीं मासिकाचीं पानें अडवावीं काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. त्यांनीं हा मजकूर शेवटपर्यंत वाचून मग मला खुशाल दोष द्यावा.

माझें बालपण सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत गेलें. त्या वाड्यास बाहेरून कुलूप लागलेलें मीं कधींहि पाहिलें नाहीं. मंडळी लग्नास जावोत कीं यात्रेस जावोत, दिंडीदरवाज्याची कडी आंतूनच लागे. कारण आंत आत्या असे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परत आली होती. देवांची पूजा, तुळशीचें पाणी, तिन्हीसांजेचा दिवा आणि मागल्या दारचीं मांजरें, इतक्यांचा भार तिच्यावर टाकून बाकीचे सारे निश्चिंत मनानें टांग्यांत बसत. "मांजरांचें कोण पाहील ?" असें कोणी विचारल्याचें मला स्मरत नाहीं. मी शाळेंत असतांना घरांतील नऊ माणसें काशीस गेलीं. त्यांच्या शिदोरीचे लाडू आत्यानेंच वळले. आणि मंडळी निघालीं तेव्हां ती आपण होऊन माजघरांत सरली, कारण निघत्या माणसासमोर विधवेनें येऊं नये असा त्या काळचा दंडक होता. परत येतांना त्यांनीं तिच्यासाठीं गंगेचा गडू आणला. तो तिनें देवघरांत जपून ठेवला आणि शेवटीं त्यांतलेंच पाणी तिच्या मुखांत घातलें गेलें. आत्यानें काशी पाहिली ती एवढीच.

पुढें वाडा पडला, आणि आम्ही दोघे भाऊ १९८६ सालीं हडपसरास राहावयास आलों. तेव्हां आमच्या बैठ्या घरामागें कालव्यापर्यंत भाजीचे मळे होते. आज तेथें उंच इमारती आहेत. कुटुंब मात्र अद्याप एकत्र आहे. सणावारीं अकरा पानें एका वेळीं मांडलीं जातात. परंतु या घरास कुलूप आहे, आणि तें लावून सर्वांनीं एकदम बाहेर पडावें अशी सर्वांची हौसहि आहे.

२०१९ च्या दिवाळींत तें कुलूप लावून आम्ही चार दिवस परगांवीं गेलों. सोना नांवाची पिवळी मांजरी तेव्हां घरीं होती. ताटल्यांतून चार दिवसांचें खाणें, मोठें पातेलेंभर पाणी, मागची खिडकी किलकिली, आणि शेजारच्या मुलास "अधूनमधून डोकावत जा" अशी सूचना. एवढी व्यवस्था पुरे आहे असें मींच ठरविलें होतें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं गल्लींत फटाक्यांची माळ लागली आणि त्या खिडकीवाटे सोना जी गेली ती पुन्हां आली नाहीं. मुलाचा यांत दोष नव्हता. माझी नात तेव्हां सात वर्षांची होती. पंधरा दिवस ती रोज सायंकाळीं कालव्याच्या कांठानें हांका मारीत फिरली, आणि मी विजेरी घेऊन तिच्यामागून जात असें. खिडकी कोणीं उघडी ठेवली, हें तिनें मला एकदांहि विचारलें नाहीं. तिला तें ठाऊक होतें.

हल्लींची मांजरी २०२१ च्या पावसाळ्यांत पाण्याच्या पंपाखालीं भिजून कुडकुडत असलेली सांपडली. करडी, अंगावर काळसर पट्टे. संस्कृत काव्यांत नायक आपल्या प्रियेस 'भीरु' अशी हांक मारतो. तेंच नांव मीं हिला दिलें, आणि तें इतकें अन्वर्थक ठरेल असें मला वाटलें नव्हतें. कुकरची शिट्टी, छत्री उघडल्याचा आवाज, दारावरची घंटा, परक्या माणसाची चाहूल, कांहींहि झालें कीं ही स्वारी कोठीच्या खोलींत तांदुळाच्या पिंपामागें जाते. आषाढांत ज्ञानोबांची व तुकोबांची पालखी पुण्याहून निघून हडपसरास येते आणि येथून एक दिवे घाटानें सासवडकडे व दुसरी लोणी काळभोरकडे वळते. त्या दिवशीं सबंध गांव रस्त्यावर असतें. भीरु पिंपामागून हालत नाहीं. हितोपदेशांतील जरद्गव गिधाड व दीर्घकर्ण मांजर यांची गोष्ट मीं तीस वर्षें वर्गांत शिकविली. ज्याचें कुळशीळ ठाऊक नाहीं त्याला थारा देऊं नये, हा तिचा आशय. त्या गोष्टींत मांजरापासून इतरांस भय आहे. भीरूनें तोच उपदेश उलट माणसांस लागू केला आहे.

सोना गेल्यापासून घरांत एक गोष्ट घडूं लागली होती, तिच्याकडे माझें लक्ष फार उशिरां गेलें. नाशिकचें लग्न निघालें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा. मी राहतें मांजरीजवळ." कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जावयाचें ठरलें तेव्हां त्या म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात. मी राहतें." आणि २०२५ च्या वैशाखांत गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाचा बेत निघाला तेव्हां कोणी कांहीं बोलण्यापूर्वींच त्यांनीं सांगून टाकलें, "मी आहेंच कीं घरीं !" वहिनींचें माहेर गुहागरापासून दोन कोसांवर आहे, आणि सहा वर्षांत त्यांनीं समुद्र पाहिला नव्हता. 'आहेंच कीं' हे शब्द त्यांनीं ज्या सहज स्वरांत उच्चारले, तो स्वर माझ्या ओळखीचा होता. पन्नास वर्षांपूर्वीं तो मीं वाड्यांत ऐकला होता.

रात्रीं मी दादांस म्हणालों, "दादा, वहिनी येणार नसतील तर मीहि येत नाहीं."

"अरे, पण मग मांजरीचें काय ?"

"तेंच पाहावयाचें. महिनाभर हाताशीं आहे."

तिला बरोबर न्यावें, ही पहिली सूचना मुलांची. पुण्याहून गुहागर म्हणजे साताऱ्यावरून पाटण, कोयनानगर, पुढें कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर. सारा दिवस मोटारींत. शिवाय उतरण्याची जागा नवी. माणसाचें घर म्हणजे घरांतील माणसें. मांजराचें घर म्हणजे जागा आणि त्या जागेचा वास. आपलीं मांजरें ज्या रानमांजराच्या वंशांतलीं, तें आफ्रिका व पश्चिम आशियांतील जनावर एकेकटें राहून आपला टापू राखणारें आहे. मांजर चौकटीस गाल घासतें तें लाडानें नव्हे. ती त्याची सही असते. सही नसलेल्या घरांत भीरु सहा दिवस कशी राहणार ?

दुसरी सूचना जनावरांच्या वसतिगृहाची. अशीं वसतिगृहें आतां पुण्यांत बरींच निघालीं आहेत आणि धीट मांजरास तीं मानवतातहि. मी एक जाऊन पाहिलें. जागा स्वच्छ, माणसें प्रेमळ. परंतु भिंतीपलीकडे कुत्रीं भुंकत होतीं. तेथें ठेवणें भागच पडेल त्यांनीं निदान लपावयास एक खोकें देण्याचा आग्रह धरावा. हॉलंडांतील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आश्रयस्थानांत नव्यानें आलेल्या मांजरांपैकीं ज्यांस खोकें मिळालें तीं इतरांहून लवकर निवळलीं. श्राद्धाच्या दिवशीं मांजर टोपलीखालीं झांकणाऱ्या घराची गोष्ट आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. भित्र्या मांजरास ती टोपली आवडतीहि. फक्त तिला दार पाहिजे.

शेजाऱ्यांस विचारावें तर दिवस बरे नव्हते. त्याच वर्षीं फेब्रुवारींत हडपसरच्याच एका गृहसंकुलांत एका सदनिकेंत तीनशेंहून अधिक मांजरें असल्याची तक्रार गाजली आणि महापालिकेनें नोटीस काढली. त्यानंतर कांहीं दिवस, आपल्या घरीं मांजर आहे, असें सांगण्याचीहि चोरी झाली होती.

शेवटीं माणूस सांपडलें तें माझ्या ओटीवरच. सासवडकडील एका खेड्यांतील मुलगी येथें संस्कृत घेऊन बी. ए. करते, सायंकाळीं ती माझ्याकडे शिकावयास येई. परीक्षा तोंडावर असल्यामुळें ती सुटींत घरीं जाणार नव्हती, आणि तिच्या खोलींत चौघी जणी असल्यामुळें वाचनास शांतता नव्हती. आमचें रिकामें घर तिला हवें होतें, तिचें बसणें आम्हांस हवें होतें. पैसे घेण्यास ती तयार नव्हती. "सर, तुम्ही कुठें फी घेतां ?" असें ती म्हणाली. मीं ऐकलें नाहीं. या कामाचें मोल आमच्या घराण्यानें एकदां दिलें नव्हतें. दुसऱ्यांदा तसें होऊं देण्याची माझी इच्छा नव्हती.

त्या दिवसापासून आमचा पाठ ओटीवरून कोठीच्या खोलीच्या दाराशीं गेला. मुलीस मीं नियम एकच सांगितला, कीं मांजरीकडे पाहावयाचें नाहीं. टक लावून पाहणें ही मांजरांच्या जगांत धमकी समजली जाते. नजरानजर झालीच तर डोळे हळूहळू मिटावे व हळूहळू उघडावे. इंग्लंडांतील ससेक्स व पोर्टस्मथ विद्यापीठांच्या संशोधकांस २०२० सालीं असें आढळलें कीं असें करणाऱ्या अनोळखी माणसाकडेहि मांजरें अधिक येतात. पहिले चार दिवस पिंपामागें श्वासहि ऐकूं आला नाहीं. पांचव्या दिवसापासून खाण्याची ताटली मुलीच्या हातून ठेवविली. नवव्या दिवशीं समाहार द्वंद्व चालला होता, आणि वैयाकरणांचें 'मार्जारमूषकम्' हें नित्यवैराचें उदाहरण नुकतेंच सांगून झालें होतें. पुस्तकावरची नजर न काढतां मुलगी हलकेंच म्हणाली, "सर, ती आली. माझी पिशवी हुंगते आहे. मीं पाहिलें नाहीं."

बाकीची तयारी थोडक्यांत सांगतों. प्रवासाच्या पेट्या दहा दिवस आधींच काढून उघड्या ठेवल्या, म्हणजे पेटी दिसली कीं माणसें जातात हा संबंध मांजरीच्या मनांत जुळूं नये. तिच्या बैठकीचें जुनें लुगडें धुतलें नाहीं. प्रत्येक खिडकीस जाळी बसविली. ती बसविणाऱ्याजवळ मी स्वतः उभा होतों. खाणें बदललें नाहीं. आत्याचीं मांजरें दूधभातावर जगतात असें आम्हांस वाटे. खरें म्हणजे तीं वाड्यांतील उंदरांवर जगत. मांजरास मांसांतून मिळणारें टॉरिन नांवाचें द्रव्य लागतेंच, आणि मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांस दूध पचत नाहीं. आमच्या घरांत मासळीचा डबा उघडतो तो हिच्यासाठीं, मागल्या ओटीवर, आणि त्याचा चमचा वेगळा आहे.

जनावरांच्या डॉक्टरांनीं सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र प्रत्येकानें लिहून ठेवाव्या. मांजराचा उपास हा एकादशीचा उपास नव्हे. दोन-तीन दिवस पोटांत अन्न गेलें नाहीं तर अंगांतील चरबी यकृतांत सांचून प्राणावर बेततें, लठ्ठ मांजराच्या बाबतींत तर विशेष. आणि बोका असेल व तो मातीच्या घमेल्यांत वारंवार बसूनहि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहतां त्यास दवाखान्यांत न्यावें. भीतीनें हा विकार बळावतो आणि एक-दोन दिवसांत तो मारक ठरतो. डॉक्टरांचा दूरध्वनि, उपचारास आमची संमति असल्याची चिठ्ठी आणि खर्चाचे पैसे मीं मुलीजवळ देऊन ठेवले. उपाशी-तहानेलें राहील अशा स्थितींत जनावरास विनाकारण सोडून जाणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें मला सोना गेल्यानंतर कळलें.

आम्ही निघालों. वहिनी पुढच्या बैठकीवर, खिडकीशीं.

पहिल्या रात्रीं मुलीचा निरोप आला, "पिंपामागें. ताटली रिकामी." दुसऱ्या रात्रीं आला, "आज कांहीं खाल्लें नाहीं." वहिनी त्या सायंकाळीं समुद्रावरून नुकत्याच परतल्या होत्या, लुगड्याचा कांठ अजून ओला होता. त्या म्हणाल्या, "भावजी, सकाळची चिपळूणची गाडी किती वाजतां आहे ?" नात माझ्याकडे पाहत होती. मी कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा मला अधिकार नव्हता. इतक्यांत मुलीचाच फोन आला. तिनें डॉक्टरांस विचारलें होतें. खाणें किंचित कोंबट करून पिंपाजवळ सरकवावें, दिवा मालवून खोलींतून निघून जावें, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत न खाल्ल्यास पेटींत घालून घेऊन यावें, असें त्यांनीं सांगितलें होतें. त्या रात्रीं आमच्यापैकीं कोणी फारसें झोंपलें नाहीं. पहांटे पांचास निरोप आला, "अर्धी ताटली रिकामी. मी बाहेर बसून रघुवंश मोठ्यानें वाचत होतें."

वहिनींनीं तो निरोप दोनदां वाचविला आणि गाडीची चौकशी पुन्हां केली नाहीं. त्या दिवशीं त्या माहेरीं जाऊन राहून आल्या.

सातव्या दिवशीं घरीं परतलों तों भीरु आम्हांस पाहून पिंपामागें गेली. आमच्या अंगास समुद्राचा वास येत असावा. रात्रीं जेवणें उरकल्यावर ती बाहेर आली आणि प्रथम मुलीच्या पिशवीवर जाऊन बसली, याचा नातीस थोडा राग आला. मुलगी परीक्षेंत उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाली. येत्या दिवाळींत मात्र ती आपल्या गांवीं जाणार आहे, आणि दादांनीं नाशिकचा बेत आतांच काढला आहे. तेव्हां पिंपाशेजारीं बसवावयास दुसरें माणूस या महिन्यांतच पाहिलें पाहिजे.