सपाट जमिनीचा हिशेब

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील काळ्या मातीचा स्वभावच असा, की पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. हा विकार शेतापुरता मर्यादित राहत नाही, तर पाया पुरेसा खोल न नेलेल्या घरांतही त्याचे परिणाम उमटतात आणि एकेकाळी सरळ घातलेला कोबा कोठे खचतो, कोठे वर उचलला जातो. अशा कोब्यावर मोठ्या टाइल्स बसवण्यापूर्वी तो समतल करण्यासाठी हल्ली सेल्फ-लेव्हलिंग कंपाऊंड नावाचा जिन्नस वापरतात. सिमेंट, बारीक वाळू आणि काही रासायनिक द्रव्ये यांचे हे कोरडे मिश्रण ठरावीक पाण्यात कालवून ओतले, की ते आपल्याच भाराने पसरून सपाट होते.

त्याची पोती किती आणावीत, हा प्रश्न मात्र किरकोळ नव्हे. कालवलेला माल साधारणतः पंधरा-वीस मिनिटांत ओतून संपवावा लागतो, आणि मराठवाड्याच्या वैशाखात त्याहूनही लवकर. निम्म्या खोलीत माल संपला, तर दुकान गाठून परत येईपर्यंत पहिला थर आवळतो आणि जोडाची रेघ कायमची राहते.

हिशेबाचे मूळ सूत्र सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर माल, आणि एका लिटरला सुमारे १.६ ते १.८ किलो भुकटी. नेमका आकडा पोत्यावर छापलेला असतो. क्षेत्रफळ फितीने मिळते. चूक होते ती जाडीत.

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या साहाय्याने चारही भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारावी, समोरासमोर दोरी ताणावी आणि दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि खोलीचे केंद्र अशा नऊ ठिकाणी मोजावे. सर्वांत कमी अंतर जेथे भरेल तो सर्वोच्च बिंदू. त्याच्या तुलनेत इतर ठिकाणे किती खोल, याची नोंद करावी.

समजा, १० × १२ फुटांच्या, म्हणजे ११.१५ चौरस मीटरच्या खोलीत कोपऱ्यांची खोली ०, ४, २ आणि ६ मिलिमीटर, कडांची ३, ५, ६ आणि ४, तर केंद्राची ८ भरली. साधी सरासरी ४.२ येते, पण ती फसवी आहे. नऊ बिंदूंनी खोलीचे चार चौकोन पडतात, त्यांपैकी कोपरा एकाच चौकोनाचा, कडेचा मध्य दोहोंचा आणि केंद्र चारही चौकोनांचे, म्हणून त्यांना अनुक्रमे एक, दोन आणि चार असे वजन द्यावे लागते. तसे केल्यास एकूण ८० येतात. वजनांच्या बेरजेने, म्हणजे १६ ने, भागल्यावर खरी सरासरी ५ मिलिमीटर. सर्वोच्च बिंदूवरही किमान ३ मिलिमीटरचा थर हवा असे धरले, तर जाडी ८ झाली; माल ८९ लिटर, १.७ च्या दराने भुकटी सुमारे १५२ किलो, आणि नासाडीसाठी दहा टक्के मिळवून १६७ किलो, अर्थात २५ किलोची सात पोती. सर्वांत खोल जागाच सर्वत्र धरणाऱ्याला याच खोलीसाठी दहा पोती लागली असती.

ही तजवीज न्हाणीघराच्या कामाची नाही, कारण तेथे ढाळ हवा आणि हा माल ढाळ धरत नाही. शिवाय कोबा आधी झाडून प्रायमरने भरून घ्यावा, अन्यथा तो मालातील पाणी शोषतो. आणि माल घट्ट वाटला म्हणून वरून पाणी ओतू नये, त्याने थर कच्चा राहतो.

जमीन अजून हलते आहे की नाही, याची खातरजमा मात्र सर्वांआधी व्हावी. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी बसवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबावे. पट्टी तडकली, तर पोत्यांचा हिशेब बाजूस ठेवून आधी पायाचा आणि घराभोवती मुरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करावा, कारण हलत्या जमिनीचे अंदाजपत्रक कितीही काटेकोर असले तरी ते पुढच्या वर्षी नव्याने लिहावे लागते.